घरचा सिम्युलेटर आणि आकाशातली विद्या

मुलाने डॉक्टर व्हावे, मुलीने इंजिनियर व्हावे, या जुन्या इच्छांच्या जोडीला 'पायलट व्हावे' ही इच्छाही आता आपल्या गावांतून ऐकू येऊ लागली आहे. त्यात नवल नाही. वैमानिकाचे शिक्षण घेण्यासाठी आता परदेशीच गेले पाहिजे असे नाही. बारामती, गोंदिया, धुळे अशा आपल्या परिचयाच्या ठिकाणीही ते मिळते. परंतु हे शिक्षण अतिशय खर्चाचे आहे. व्यवसायी वैमानिकाच्या परवान्यासाठी आपल्या देशात किमान २०० तासांचे उड्डाण व्हावे लागते, आणि एकेका तासाचे मोल देता देता लाखो रुपये खर्ची पडतात. कोणी त्यासाठी कर्ज काढतो, कोणी प्रसंगी जमिनीचा तुकडा विकतो. अशा घरांत एक प्रश्न हटकून निघतो. मुलगा रात्री घरच्या संगणकापुढे बसतो, हातात दांडा धरतो आणि पडद्यावर विमान उडवतो. हा अभ्यास म्हणावा की खेळ?

या प्रश्नाला दोन उत्तरे मिळतात. एक पक्ष म्हणतो, हा निव्वळ पोरखेळ; पाण्यात पडल्याशिवाय कोणाला पोहता आले आहे काय? दुसरा पक्ष म्हणतो, सर्व काही घरीच शिकून घ्यावे आणि विमानाचे तास वाचवावे. मोठ्या कंपन्यांचे वैमानिक तरी सिम्युलेटरवरच शिकतात ना? आमच्या मते ही दोन्ही उत्तरे अर्धवट आहेत, आणि अर्धवट उत्तरावर विसंबणे हे या विद्येत पैशाच्याच नव्हे, तर जिवाच्याही नुकसानीचे आहे. यास्तव घरचा सिम्युलेटर नेमके काय शिकवितो, काय शिकवू शकत नाही आणि त्याचा उपयोग कसा करावा, याचा थोडा शांतपणे विचार करू.

जमिनीवरचे विमान

जमिनीवर बसून उड्डाण शिकण्याची कल्पना संगणकापेक्षा पुष्कळ जुनी आहे. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातील बिंगहॅम्टन या गावी एडविन लिंक नावाचा एक तरुण होता. त्याच्या वडिलांचा पियानो व ऑर्गन बनविण्याचा कारखाना होता. ऑर्गनमध्ये भात्यांनी हवा खेळवून सूर काढतात, हे आपल्याकडील पेटी ऐकणाऱ्यांस निराळे सांगावयास नको. लिंकने तेच भाते लाकडी विमानाच्या एका ठेंगण्या डब्याखाली बसविले. आत बसलेल्याने दांडा हलविला की भात्यांत हवा भरे वा रिती होई, आणि तो डबा विमानासारखा कलंडे, वळे, नाक वर-खाली करी. हे यंत्र १९२९ साली तयार झाले. वैमानिकी शाळांनी सुरुवातीला त्याकडे फारसे लक्ष दिले नाही. त्याची पहिली गिऱ्हाइके मुख्यतः करमणुकीची उद्याने होती. म्हणजे 'हा अभ्यास की खेळ' हा प्रश्न या यंत्राच्या जन्मापासूनच त्याच्या मागे लागलेला आहे.

उत्तर मिळाले ते मोठी किंमत देऊन. १९३४ साली अमेरिकन सरकारने हवाई टपालाचे काम खाजगी कंपन्यांकडून काढून लष्कराच्या विमानदलावर सोपविले. लष्करी वैमानिक शूर होते. पण रात्री, धुक्यात आणि हिमवादळात केवळ उपकरणांकडे पाहून विमान हाकण्याचा सराव त्यांना नव्हता. काही आठवड्यांत अनेक वैमानिक प्राणास मुकले. तेव्हा लष्कराला लिंकची आठवण झाली. लष्करी अधिकारी त्याला भेटावयास न्यूअर्कच्या विमानतळावर आले, त्या दिवशी धुके इतके दाट होते की आज कोणी येणार नाही असे त्यांना वाटले. लिंक मात्र आपले विमान घेऊन त्या धुक्यातून सुखरूप उतरला. लष्कराने सहा यंत्रे विकत घेतली. पुढे दुसऱ्या महायुद्धात अशी दहा हजारांहून अधिक यंत्रे बनली आणि लक्षावधी वैमानिकांनी त्या निळ्या डब्यात बसून पहिले धडे गिरविले.

आपल्याकडेही प्रारंभीचे उड्डाण डोळ्यांच्या भरवशावरच होते. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गे जुहूस उतरले, तेव्हा त्यांच्या छोट्या विमानात रेडिओ नव्हता. खाली दिसणारा किनारा आणि नदीनाले हाच त्यांचा नकाशा. आणि पावसाळा आला की जुहूचे ते मैदान पाण्याखाली जाई व टपालाच्या विमानांचा मुक्काम पुण्यास हलवावा लागे. आज विमाने ढगांतून व पावसातूनही ये-जा करतात. याचे एक कारण यंत्रे सुधारली हे आहे. दुसरे तितकेच महत्त्वाचे कारण म्हणजे डोळ्यांना काही दिसत नसताना उपकरणांवर विश्वास ठेवण्याची विद्या माणूस शिकला, हे आहे.

शरीराची फसगत

ही विद्या शिकावी का लागते, हे समजल्याशिवाय सिम्युलेटरचे मोल कळणार नाही. आपल्या कानाच्या आत तीन अर्धवर्तुळाकार नलिका आहेत. त्यांतील द्रव हलला म्हणजे आपण वळलो हे मेंदूला कळते. जमिनीवर चालण्याफिरण्यास ही व्यवस्था उत्तम आहे, परंतु आकाशात ती दगा देते. विमान अगदी हळू वळू लागले तर नलिकांना ते कळतच नाही. आणि एकाच वेगाने वळत राहिले तर दहा-वीस सेकंदांत द्रवही नलिकेबरोबर फिरू लागतो व 'आपण सरळ चाललो आहोत' असे वाटू लागते. मग वैमानिकाने विमान खरोखर सरळ केले की त्याला भास होतो, आपण उलट्या बाजूस वळलो! तो भास घालविण्यासाठी तो पुन्हा पहिल्या वळणात शिरतो. विमान गिरक्या घेत खाली येऊ लागते, आणि तो मात्र आपण सरळ आहोत अशाच समजुतीत असतो.

इलिनॉय विद्यापीठाने यासंबंधी केलेला एक प्रयोग १९५४ साली प्रसिद्ध झाला. उपकरणांवरील उड्डाणाचे शिक्षण न घेतलेले २० वैमानिक निवडले. शेजारी जाणता वैमानिक बसवून त्यांना प्रत्यक्ष विमानात नेले आणि बाहेरचे काही दिसू नये अशी व्यवस्था केली. विसांपैकी एकालाही विमान सांभाळता आले नाही. विमान धोक्याच्या स्थितीत जाण्यास सरासरी १७८ सेकंद लागले, म्हणजे तीन मिनिटेही नाहीत. त्यानंतर त्याच मंडळींना थोडे पद्धतशीर शिक्षण दिले. आपली नजर उपकरणांवर कशी ठेवावी, विमान सावकाश मागे कसे वळवावे, एवढेच शिकविले. आणि मग जवळजवळ प्रत्येक वेळी त्यांनी विमान सुखरूप बाहेर काढले. तात्पर्य, येथे कमतरता धैर्याची नव्हती किंवा हाताच्या कौशल्याचीही नव्हती. कमतरता क्रमाची होती. कोणत्या क्षणी कोठे पाहावे आणि पाहिलेल्यावरून काय करावे, हा तो क्रम.

घरी काय साधते

हा क्रम घरी शिकता येतो, हेच घरच्या सिम्युलेटरचे खरे सामर्थ्य होय. १९७० च्या दशकात त्याच इलिनॉय विद्यापीठात शिकलेल्या ब्रूस आर्टविक याने घरगुती संगणकावर उड्डाणाचा आभास निर्माण करणारी कार्यप्रणाली तयार केली. तिच्यातूनच १९८२ साली 'मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर' बाजारात आला. आज त्याच्या जोडीला 'एक्स-प्लेन' आहे, आणि विनामूल्य मिळणारा 'फ्लाइटगिअर' आहे. विद्यार्थी ज्या सेसना १७२ सारख्या छोट्या विमानावर शिकतो त्याचीच उपकरणांची फळी पडद्यावर येते: वेगमापक, क्षितिजदर्शक, उंचीमापक, वळणदर्शक, दिशादर्शक आणि चढ-उतार दाखविणारे यंत्र. या सहा तबकड्यांवरून नजर ठराविक रीतीने फिरवीत राहणे, कोठेही ती अडकू न देणे, हा सराव घरच्या खोलीत उत्तम होतो. सेकंदाला ३ अंश या मापाने वळले की २ मिनिटांत पूर्ण फेरा होतो. ते माप धरून आणि उंची न सोडता वळणे, रेडिओच्या खुणेवरून आपण कोठे आहोत हे ओळखणे, उतरण्याची परवानगी मिळेपर्यंत आकाशात ठराविक आकाराचे फेरे घालणे, ही सर्व कामे मुख्यतः बुद्धीची व सवयीची आहेत. ती शिकताना खरे इंजिन तेल जाळीत असले पाहिजे असे नाही.

तबला शिकणाऱ्याला गुरू आधी बोल तोंडाने पढावयास लावतात. हाताने टाळी देत, मात्रा न चुकवता कायदा म्हणून दाखवावा लागतो. पढंत पक्की झाली म्हणून हात तयार झाला असे कोणी म्हणत नाही; पण पढंतच कच्ची असेल तर तयार हातही समेवर येत नाही. घरचा सिम्युलेटर ही वैमानिकाची पढंत आहे. तिला वादन समजू नये आणि तिला हसूही नये.

ही तुलना केवळ शोभेची नाही. ज्या विद्यार्थ्याला इंजिन सुरू करण्यापूर्वीची तपासयादी पाठ नाही, नियंत्रकाशी कोणत्या शब्दांत बोलावे हे ठाऊक नाही, तो विमानात बसून तेच आठवीत राहतो. त्याच्या महागड्या तासाचा मोठा भाग चाचपडण्यात जातो, आणि शिक्षकाला हाताची शिकवण देण्यास वेळ उरत नाही. पढंत करून आलेल्याचे लक्ष मोकळे असते. विमान हाताला काय सांगते आहे हे ऐकण्यास त्याच्यापाशी फुरसत असते.

काय साधत नाही

आता दुसरी बाजू. खुर्ची जागची हलत नाही. त्यामुळे वर वर्णिलेली कानाची फसगत घरी अनुभवास येत नाही. शरीर ओरडून एक सांगत असताना डोळ्यांवर विश्वास ठेवणे, हा त्या विद्येचा गाभा. आणि तोच घरी शिकता येत नाही. घरचा विद्यार्थी उपकरणे वाचावयास शिकतो, पण शरीराचे ऐकू नये हे त्याला विमानातच, शिक्षकाच्या शेजारी बसून शिकावे लागते.

उतरण्याच्या अखेरच्या क्षणाचीही तीच गोष्ट आहे. धावपट्टीपासून काही फुटांवर विमानाचे नाक हळूच वर घ्यावे लागते. ते केव्हा घ्यावे हे डोळ्याच्या कोपऱ्यांतून सरकणाऱ्या जमिनीवरून कळते. समोरच्या एका लहानशा पडद्यावर ते कोपरे नसतातच. वेग कमी होऊ लागला की खऱ्या विमानाचा दांडा हाताला ढिला लागतो. घरच्या दांड्यात साधी स्प्रिंग असते आणि तिचा ताण वेगाप्रमाणे बदलत नाही. पायाने रडर सांभाळणे हा तर घरी शिकणाऱ्यांचा हमखास कच्चा विषय, कारण पुष्कळांपाशी त्याची पेडलेच नसतात.

याहून काळजीची गोष्ट वाईट सवयींची. निरभ्र दिवशी छोटे विमान चालविताना वैमानिकाची नजर प्रामुख्याने बाहेर हवी. दुसरे विमान कोठे आहे, क्षितिज कोठे आहे, हे पाहत राहिले पाहिजे. पडद्यावर शिकलेला विद्यार्थी मात्र तबकड्यांना चिकटून बसतो. शिवाय घरच्या यंत्राला विराम देण्याची कळ असते. घोटाळा झाला की खेळ थांबविता येतो, आपटलो तर पुन्हा धावपट्टीवर उभे राहता येते. आकाशात ती कळ नाही. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही अशी आपल्याकडे म्हण आहे. या विद्येत तिचा अर्थ शब्दशः लागू पडू नये एवढी खबरदारी घेतली पाहिजे.

मोठ्या कंपन्यांच्या वैमानिकांचे उदाहरण येथे लागू पडत नाही. त्यांचे सिम्युलेटर म्हणजे सहा पायांवर हलणारी, खऱ्या विमानाचीच बैठक असलेली अवाढव्य यंत्रे. सरकारी परीक्षकांनी तपासून मान्य केलेली. आणि त्यांत बसणारा मनुष्य नवशिका नसतो; त्याने आधी आकाशात शेकडो तास काढलेले असतात. ज्याला एक वाद्य येते त्याने दुसरे उचलावे, तशातला तो प्रकार आहे.

किती तास

मग हा सराव करावा तरी किती? याचे एक चांगले मोजमाप उपलब्ध आहे. पुन्हा इलिनॉय विद्यापीठातच स्टॅन्ली रॉस्को व त्यांचे सहकारी यांनी १९७३ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. लिंक कंपनीच्याच एका छोट्या जमिनीवरील यंत्रावर त्यांनी खाजगी परवान्याच्या विद्यार्थ्यांना वेगवेगळे तास शिकविले. ज्यांना यंत्र मुळीच दिले नाही त्यांना परवान्याच्या पात्रतेपर्यंत पोहोचण्यास विमानात सरासरी सुमारे ४५ तास लागले. ज्यांना यंत्रावर ३ तास दिले त्यांना सुमारे ४० लागले. ७ तास दिले त्यांना ३८ ते ३९. आणि ११ तास दिले त्यांना सुमारे ३८.

हे आकडे नीट पाहण्यासारखे आहेत. पहिल्या ३ तासांनी विमानाचे सुमारे ५ तास वाचविले. पुढच्या ४ तासांनी दोनाहूनही कमी वाचविले, आणि त्यापुढच्या ४ तासांनी तर एक तासही नाही. यंत्र तेच, शिक्षकही तेच. पण त्यातून शिकण्यासारखे जे होते ते आरंभीच शिकून झाले. तेव्हा रात्री चार-चार तास पडद्यापुढे बसणाऱ्या मुलाला 'तू फार अभ्यास करतोस' असे म्हणता येणार नाही. पहिल्या अर्ध्या तासानंतर तो बहुधा करमणूकच करीत असतो. करमणुकीस आमची हरकत नाही. मात्र तिला अभ्यासाच्या खाती जमा धरू नये.

नियमांनीही हेच तारतम्य राखले आहे. अमेरिकेत १९९७ पासून, ठराविक कसोटीस उतरलेल्या संगणकी साधनावर शिक्षकाच्या देखरेखीखाली केलेले १० तासांपर्यंतचे काम उपकरणांवरील उड्डाणाच्या परवान्यासाठी धरले जाऊ लागले. आपल्याकडे नागरी विमान वाहतूक महासंचालनालय मान्यताप्राप्त सिम्युलेटरवरील मर्यादित तासच हिशेबात घेते. घरच्या खोलीत, कोणाच्या देखरेखीवाचून केलेला एकही तास लॉगबुकात लिहिता येत नाही. ज्यांना 'तास वाचतील' असे वाटते त्यांनी हे आधीच समजून घ्यावे. घरी वाचतो तो लॉगबुकातला तास नव्हे. विमानातला तास वाया जात नाही, हा तो लाभ.

उपयोगाची रीत

आमच्या समजुतीप्रमाणे या साधनाचा उपयोग तीन प्रसंगी करावा. पहिला प्रसंग उड्डाणाच्या आदल्या दिवशी. उद्याचा धडा शिक्षकाकडून आधी विचारून घ्यावा आणि तेवढाच धडा, तपासयादी हातात धरून, नियंत्रकाशी बोलावयाचे शब्द मोठ्याने उच्चारीत, दोन-तीनदा करावा. दुसरा प्रसंग उड्डाणाच्या दिवशी संध्याकाळी. शिक्षकाने जी चूक दाखविली असेल तिचे कारण क्रमात असेल तर ती घरी दुरुस्त करावी. कारण हाताच्या किंवा पायाच्या संवेदनेत असेल तर यंत्रापुढे बसूच नये, कारण तेथे ती दुरुस्त न होता मुरेल. तिसरा प्रसंग म्हणजे पावसाळ्यात ढग खाली उतरतात आणि दिवसचे दिवस उड्डाण होत नाही तो काळ. शिकलेला क्रम विस्मरणात जाऊ नये म्हणून रोज अर्धा तास सराव ठेवावा. त्याने पुढे विमानात जुनेच धडे पुन्हा घ्यावे लागत नाहीत.

या तिन्ही प्रसंगी काही पथ्ये पाळावी. आपण ज्या विमानावर शिकतो तेच पडद्यावर घ्यावे. नवशिक्याने जंबो जेट उडविण्याची हौस आवरावी. विरामाची कळ वापरू नये. चूक झाली तर ती निस्तरून उड्डाण पूर्ण करावे, कारण निस्तरणे हाही धडाच आहे. निरभ्र हवेचा सराव असेल तेव्हा उपकरणांवर कागद लावून झाकावी आणि बाहेर पाहण्याची सवय ठेवावी. रेडिओवर बोलण्याची भीड मोडावयाची असेल तर 'व्हॅटसिम' नावाचे हौशी मंडळींचे एक जाळे २००१ पासून चालू आहे. त्यात हौशी लोकच नियंत्रकाचे काम करतात. मात्र प्रत्यक्ष परीक्षेची भाषा आपल्या शिक्षकाकडूनच तपासून घ्यावी. आणि काय केले, काय चुकले हे एका वहीत लिहून ती वही शिक्षकाला दाखवावी. ही वही सरकारच्या उपयोगाची नाही, विद्यार्थ्याच्या उपयोगाची आहे. शिक्षकाच्या नजरेखालून गेलेला सराव आणि न गेलेला सराव यांत, यंत्र एकच असले तरी, मोठे अंतर पडते.

आईबापांनी मुलाला पडद्यापुढून उठवावे की नाही, याचे उत्तर आता कठीण राहत नाही. त्याला एवढेच विचारावे : आज कोणता धडा होता, तो कोणी नेमून दिला आणि त्यात काय चुकले? तीनही प्रश्नांची उत्तरे मिळाली तर तो अभ्यास करीत आहे. त्याला बसू द्यावे. पण पडद्यावर सहज उतरणारे विमान पाहून 'आता मला येते' असे तो म्हणू लागला, तर मात्र इलिनॉयच्या त्या विसांची गोष्ट त्याला जरूर सांगावी. तेही वैमानिकच होते, आणि शेजारी जाणता मनुष्य बसला होता म्हणूनच तीन मिनिटांनंतरही ते सुखरूप राहिले.